एक तृतीयांश अधिक पाव, उत्तर सातबारा

पाचवी-सहावीच्या मुलांना अपूर्णांकांची बेरीज शिकवताना तिरकस गुणाकार सांगणं बंद करा असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि ते का वाटतं ते जरा सविस्तर लिहिते, कारण दोन ओळीत लिहिलं की लोक म्हणतात तुम्हाला मुलांना उगाच त्रास द्यायचाय. तसं नाहीये. त्रास आत्ता होतोय.

मी पतसंस्थेत कॅशियर होते, रिटायर झाले, आणि गेली सहा वर्षं संध्याकाळी आमच्या ओट्यावर आजूबाजूची आठ-दहा मुलं अभ्यासाला बसतात. झेडपीच्या शाळेतली पण असतात आणि इंग्लिश मिडियमची पण. मोठ्या बेरजा, वजाबाक्या, भागाकार, तिथवर गाडी बरी चालते. मग अपूर्णांक येतात आणि कालपर्यंत हात वर करणारी मुलं वहीत डोकं घालून बसतात. १/३ + १/४ दिलं की निम्मी मुलं २/७ लिहितात. वर एक आणि एक दोन, खाली तीन आणि चार सात, झालं. उरलेली बहुतेक ७/१२ लिहितात, म्हणजे बरोबर लिहितात, पण कसं आलं म्हणून विचारलं की हवेत बोटाने फुली काढून दाखवतात. "काकू असं तिरकं तिरकं गुणायचं, ते वर मिळवायचं, आणि खाली सरळ गुणायचं." का पण? "तसंच असतं."

मला जास्त काळजी या दुसऱ्या गटाची वाटते. २/७ लिहिणारा पोरगा चुकलाय हे सगळ्यांना दिसतं, त्याला कुणीतरी परत बसवून सांगेल. फुली काढणाऱ्याला पूर्ण मार्क मिळतात, वर शाब्बासकी मिळते, आणि त्याला काहीच कळलेलं नाहीये हे आठवीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. त्याला १/२ + १/३ + १/४ घालून बघा. तीन अपूर्णांक आले की फुली कशी काढायची तेच कळत नाही, मग पहिले दोन घ्यायचे, फुली, उत्तर ५/६, मग ते आणि १/४, परत फुली, २० आणि ६ म्हणजे २६, खाली २४. २६/२४. इथे तो थांबतो. एकापेक्षा जास्त झालं हे बघून त्याला काहीच वाटत नाही, अर्धा आणि पाव मिळून पाऊण होतो आणि त्यात तिसरा हिस्सा टाकलाय म्हणजे एकाच्या थोडं वर जाणारच, हा विचार त्याच्या डोक्याला शिवतसुद्धा नाही कारण त्याच्यासाठी त्या संख्याच नाहीयेत, ते वर-खाली ठेवलेले चार-सहा आकडे आहेत.

आता २/७ बद्दल. मी आधी या उत्तरावर वैतागायचे. मग एका सहावीतल्या मुलाने मला त्याचं प्रगतीपुस्तक आणून दाखवलं. पहिल्या चाचणीत २० पैकी १५, दुसरीत २५ पैकी १८, आणि एकूण ४५ पैकी ३३. शाळेनेच लिहिलेलं, १५/२०, १८/२५, ३३/४५. तो म्हणाला काकू इथे तर वरचं वर आणि खालचं खालीच मिळवलंय की. मला त्या दिवशी खरंच काही बोलता आलं नाही. पोराने बरोबर मुद्दा पकडला होता, आणि आपण त्याला इतकी वर्षं मठ्ठ म्हणत होतो.

त्याचं उत्तर मी दुसऱ्या दिवशी दिलं आणि ते इथे सांगते कारण हे प्रत्येक वर्गात बोललं गेलं पाहिजे. मार्कांमधे आपण एकाच गोष्टीचे दोन तुकडे मिळवत नाही. दोन वेगवेगळे पेपर एकत्र करतो, म्हणजे मूळ वस्तूच मोठी होते, २० ची ४५ होते. आणि जे येतं ती बेरीज नसतेच. १५/२० म्हणजे पाऊण, शेकड्यात ७५. १८/२५ म्हणजे शेकड्यात ७२. आणि ३३/४५ म्हणजे ७३ आणि वर थोडं. दोघांच्या मधे आलं बघा. असं वर-वर खाली-खाली मिळवलं की उत्तर नेहमी दोन अपूर्णांकांच्या मधेच कुठेतरी पडतं (दोन्ही सारखेच असतील तर तेवढंच). बेरीज कधी मधे पडते का? तुझ्या खिशात पाच रुपये आहेत, मी आठ दिले, आणि आता सात झाले, असं होईल का? २/७ हे १/३ पेक्षा लहान आहे. तीन पोरांत चिक्की वाटली तर जो तुकडा येतो त्याच्यात अजून पाव चिक्की घातली आणि तुकडा लहान झाला, असं ते उत्तर म्हणतंय. तो मुलगा एकदम हसला आणि म्हणाला मग मार्कांना असं तिरक्या रेघेने लिहूच नये. माझंही तेच मत झालंय. "४५ पैकी ३३" लिहायला कितीशी जागा लागते.

मूळ गोष्ट फार साधी आहे आणि ती सांगायला आपण वेळच देत नाही. छेद म्हणजे तुकड्याचं नाव आहे. अंश म्हणजे तसे किती तुकडे. दोन रुपये आणि तीन पैसे मिळून पाच काय? काहीच नाही. आधी रुपयांचे पैसे करा, मग २०३ पैसे म्हणा. तसंच एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश मिळून दोन काय? काहीच नाही, जोवर दोघांना एकाच नावात आणत नाही तोवर. बारांश केले की चार बारांश आणि तीन बारांश, सात बारांश. एवढंच. समच्छेद करणं म्हणजे एकच नाव देणं. बाय द वे हा समच्छेद शब्दसुद्धा नीट फोडून सांगावा लागतो, सम आणि विषम संख्या शिकून आलेल्या मुलांना वाटतं छेद सम पाहिजे म्हणजे २, ४, ६ असला पाहिजे. इथे सम म्हणजे सारखा हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. लसाविचं पण तेच, सगळी मुलं लसावि लसावि म्हणतात जणू ते कुणाचं तरी नाव आहे. लघुतम सामाईक विभाज्य. सामाईक, जसं सातबारावर सामाईक खातं असतं तसं. दोघांचं मिळून एक.

गंमत बघा, १/३ + १/४ चं उत्तर लिहिताना मुलं ७/१२ लिहितात आणि आमच्याकडची पोरं मोठ्याने "सातबारा" असंच वाचतात, कारण घरात तोच शब्द रोज कानावर पडतो. खरा सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, त्याचा अपूर्णांकाशी संबंध नाही. पण त्या कागदाच्या आत जे हिस्से असतात ते सगळे अपूर्णांकच असतात, आणि म्हणून मला हा विषय निव्वळ शाळेचा वाटत नाही.

समजा ३६ गुंठे जमीन आहे, आजोबांच्या नावची. तीन मुलं, प्रत्येकाला एक तृतीयांश. थोरल्याचं निधन झालं, मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी, चौघांचा सारखा हक्क, म्हणजे प्रत्येकाला १/३ चा चौथा हिस्सा, १/१२. धाकटाही गेला, त्याच्यामागे तिघं, प्रत्येकाला १/९. त्यातल्या एका चुलत भावाने आपला १/९ हक्कसोडपत्र करून थोरल्याच्या मुलीच्या नावे सोडला. आता तिचा एकूण हिस्सा किती? १/१२ + १/९. वर-वर खाली-खाली केलं तर २/२१, म्हणजे ३६ गुंठ्यांत साडेतीन गुंठ्यांपेक्षासुद्धा कमी. पण चुलत भावाने सोडलेलेच चार गुंठे आहेत! स्वतःचे तीन तर त्यात धरलेलेच नाहीत. फुली काढली तर २१/१०८, बरोबर आहे पण १०८ तुकडे कुणाला दिसणार. लसावि ३६ घेतला तर ३/३६ आणि ४/३६, ७/३६, सात गुंठे, चालत जाऊन मोजून येता येतील असे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क २००५ च्या कायद्याने दिला, पण आपला हिस्सा किती होतो हे बाईला स्वतः कागदावर काढून बघता येत नसेल तर तिने कुणाच्या तरी शब्दावर सही करायची हेच चालू राहतं. मी कॅशच्या खिडकीत बसून असे अंगठे आणि अशा सह्या पुष्कळ बघितल्यात. ही गणितं अवघड नव्हती, सहावीची होती.

आणि हे सगळं आपल्याकडे नवीन आहे असं पण नाही. रुपया १६ आण्यांचा होता, आणा १२ पैचा, म्हणजे रुपयाला १९२ पै. १ एप्रिल १९५७ ला शंभर पैसे आले आणि ते मोडीत निघालं. त्या जुन्या रुपयात एक तृतीयांश म्हणजे ५ आणे ४ पै, पाव म्हणजे ४ आणे, मिळून ९ आणे ४ पै. ११२ पै. ११२/१९२ ला सोळाने भागा, ७/१२. जुन्या माणसाला समच्छेद हा शब्द माहीत नसेल पण त्याच्या खिशातला रुपयाच समच्छेद होता, त्याचे दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, सोळा कितीही सारखे वाटे करा, पै शिल्लक राहत नव्हती. सोनाराकडे पण तेच, तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. लोकांनी ही मापं अशी का पाडली तर वाटण्या सोप्या जाव्यात म्हणून, असं मला ते आकडे बघितले की वाटतं.

भाषेत तर हे अजून जिवंत आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन, पावणेदोन. पाऊण म्हणजे पाव ऊन, पावाने कमी. सव्वा म्हणजे पावासकट. माझी सासू शाळेत गेली नव्हती पण अर्धी वाटी आणि पाव वाटी म्हणजे पाऊण वाटी हे तिला विचार न करता माहीत होतं, दीड किलो आणि पावणेदोन किलो म्हणजे सव्वातीन हे पण. ती काय करत होती? सगळं पावात मोजत होती. दीड म्हणजे सहा पाव, पावणेदोन म्हणजे सात पाव, तेरा पाव म्हणजे सव्वातीन. याला ६/४ + ७/४ = १३/४ म्हणतात. जुन्या अंकलिपीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, अगदी औटकीपर्यंत (औट म्हणजे साडेतीन) पाढे असायचे. ते सगळे परत पाठ करायला लावा असं मी म्हणत नाहीये, औटकी मलाही येत नाही आणि त्याची आज गरज पण नाही. पण पोरगं वर्गात येतं तेव्हा सव्वा आणि पाऊण त्याच्या तोंडात असतात, तिथून सुरुवात करायची सोडून आपण त्याला पहिल्याच दिवशी वर्तुळाच्या चित्रात तीन भाग रंगव म्हणतो. वर्तुळाचे बारा सारखे भाग करून बघा हाताने, मोठ्यांना जमत नाही.

मी चिक्कीची वडी काढते. आडवे तीन, उभे चार, बारा चौकोन. तीन जणांत वाटायची तर एक ओळ, चार चौकोन. चार जणांत वाटायची तर तीन चौकोन. कुणीच न सांगता मुलं म्हणतात सात. मग मी विचारते, दहा चौकोनांची वडी घेऊ का? नाही, दहाचे तीन वाटे पडत नाहीत. चोवीसची? चालेल पण उगाच मोठी. झाला लसावि, लसावि हा शब्द न उच्चारता. याला मला दोन संध्याकाळी लागतात. एका संध्याकाळी तर चिक्की खाण्यातच वेळ जातो.

तिरकस गुणाकार चुकीचा आहे असं मी कुठेच म्हणत नाहीये हे लक्षात घ्या. तो पूर्ण बरोबर आहे आणि जुना आहे. ११५० साली भास्कराचार्यांनी लीलावती लिहिली, त्यात अपूर्णांक समच्छेद करायची रीत आहे, एकमेकांच्या छेदांनी अंश आणि छेद दोन्ही गुणा. हीच आपली फुली. पण त्याच श्लोकात पुढे दुसरी रीत आहे, की हुशार माणसाने आधी छेदांना सामाईक भागाने भागून घ्यावं आणि मग गुणावं. म्हणजे लसावि. त्याखालचं वजाबाकीचं उदाहरण पण बघा किती विचार करून घातलंय, १/१४ मधून १/६३. नुसती फुली काढली तर खाली ८८२ येतात. ६३ आणि १४ दोघांत सात आहे हे दिसलं की १२६ वर काम होतं, ९ वजा २, ७/१२६, आणि परत सातने भागलं की १/१८. एका उदाहरणात समच्छेद पण आलं आणि संक्षेप पण आला, म्हणजे वर-खाली एकाच संख्येने भागून अपूर्णांक लहान आकड्यांत आणणं. लसाविला त्याच्याही आधी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी निरुद्ध असं नावसुद्धा दिलेलं होतं. ज्या भास्कराचार्यांच्या नावाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, ज्यांचा आपण एवढा अभिमान बाळगतो, त्यांच्या श्लोकातली पहिली ओळ आपण पोरांना देतो आणि दुसरी, ज्यात डोकं लागतं, ती ठेवून देतो.

डोकं लागतं म्हणजे काय ते ५/१२ + ७/१८ करून बघा. फुली: ९० आणि ८४, १७४, खाली २१६. मग काटछाट, ८७/१०८, मग २९/३६. वाटेत तीन ठिकाणी चुकायला जागा. लसावि ३६: १५ आणि १४, २९/३६. संपलं.

मात्र संक्षेपाबद्दल एक गैरसमज मास्तर लोकांत पण दिसतो, की लसावि घेतला की उत्तर आपोआप संक्षिप्त रूपात येतं. येत नाही. १/६ + १/१० करा, लसावि ३०, ५ आणि ३ आठ, ८/३०, अजून दोनने भागायचं राहिलं, ४/१५. भास्कराचार्यांच्या ७/१२६ ला पण भागावंच लागलं. म्हणून शेवटी एकदा बघायचं, वरच्याला आणि खालच्याला कुणी सामाईक भाग जातो का.

पण हे बघितलं नाही म्हणून उत्तर चूक? इथे माझा शाळांशी सरळ वाद आहे. ८/३० आणि ४/१५ एकच संख्या आहे. जितकी चिक्की ८/३० तितकीच ४/१५. ज्या मुलाने बेरीज बरोबर केली त्याला शून्य देऊन तुम्ही त्याला काय शिकवताय, तर की सममूल्य अपूर्णांक सारखे असतात हे जे मागच्या महिन्यात शिकवलं ते खोटं होतं. पुरे मार्क द्या आणि संक्षिप्त रूप हवं असेल तर तसा वेगळा प्रश्न लिहा. शिवाय प्रत्येक ठिकाणी संक्षेप चांगलाच असतो असंही नाही, वरच्या जमिनीत १/१२ पेक्षा ३/३६ जास्त बोलका आहे कारण त्यात गुंठे दिसतात. संक्षेप का करायचा तर संख्या ओळखीची व्हावी म्हणून, ११२/१९२ बघून काही वाटत नाही, ७/१२ बघितलं की अर्ध्यापेक्षा थोडं जास्त हे लगेच कळतं. कारण सांगितलं की मुलं स्वतःहून करतात. नुसतं "कापा" म्हटलं की काय होतं ते पण बघितलंय मी, १६/६४ मधला सहा आणि सहा कापून १/४. उत्तर नेमकं बरोबर येतं! मग तोच पोरगा पुढे बीजगणितात अधिक चिन्हाच्या अलीकडचं पलीकडचं सगळं कापत सुटतो.

पुढे कुठे कुठे हे आडवं येतं ते ज्यांची मुलं मोठी आहेत त्यांना माहीत आहे. विज्ञानात ६ आणि ३ ओहमचे रोध समांतर जोडले की १/६ + १/३, म्हणजे १/२, म्हणून २ ओहम. भिंगाचं सूत्र, तेही एकावर काहीतरी. पोलीस भरती, तलाठी भरतीचा काम आणि काळ, एक माणूस १२ दिवसांत काम करतो, दुसरा १८ दिवसांत, दोघं मिळून किती. भरतीच्या क्लासमधे आता सांगतात की एकूण काम ३६ युनिट धरा, पहिल्याचे रोजचे ३, दुसऱ्याचे २, मिळून ५, म्हणजे सात पूर्णांक एक पंचमांश दिवस. पोरं म्हणतात काय भारी ट्रिक आहे. ही ट्रिक नाहीये हो, हा समच्छेद आहे! १/१२ + १/१८ = ५/३६. जे सहावीत फुकट कळायला हवं होतं ते बावीसाव्या वर्षी फी भरून ट्रिक म्हणून विकत घेतात, आणि तेव्हाही त्यांना कुणी सांगत नाही की हे तेच आहे.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, १२/१३ + ७/८ चं उत्तर अंदाजे किती, ऑप्शन होते १, २, १९, २१ आणि "माहीत नाही". दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक आहेत, म्हणजे उत्तर २. बरोबर उत्तर २४ टक्के मुलांनी दिलं, त्यापेक्षा जास्त मुलं १९ आणि २१ कडे गेली. त्या चार आकड्यांतल्या एकावर डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी २५ टक्के झाले असते. आणि २०१२ मधे अमेरिका आणि इंग्लंडच्या मुलांच्या जुन्या माहितीवर एक मोठा अभ्यास झाला, त्यात दहा ते बारा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार किती समजलाय यावरून पुढच्या पाच-सहा वर्षांनंतरचं गणित बऱ्यापैकी सांगता येतं असं दिसलं, आई-बापांचं उत्पन्न आणि शिक्षण, मुलाची बुद्धिमत्ता हे सगळं हिशोबात धरून सुद्धा.

आपल्याकडे काय होतं? २०१९ मधे दुसरीच्या पुस्तकात एकवीसला वीस एक म्हणायचं आलं, विधानसभेपर्यंत गाजलं, गणितज्ञ मंगला नारळीकरांसारख्या विदुषीला जाहीरपणे बाजू मांडावी लागली. वाद चांगला होता, व्हायलाच हवा होता, पण त्या जोशातला थोडा तरी जोश पाचवी-सहावीच्या वाट्याला यावा. असर म्हणून खेड्यापाड्यांतल्या मुलांची जी पाहणी होते तिच्यात वजाबाकी आणि भागाकार येतो का हे बघतात, त्याच्यावर बातम्या होतात, केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान तिसरीपर्यंतचं बघतं. अपूर्णांकांची बेरीज या सगळ्याच्या पुढे सुरू होते, म्हणून तिथे काय चाललंय यावर कुणी बोलत नाही. २०२४ मधे राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यावरून चर्चा झाली की दहावीला गणितात ३५ च्या खाली आणि २० च्या वर मार्क पडले तर शेरा मारून पुढे जाऊ द्यायचं. त्या मुलांची वाट अडू नये हे मला पटतं, पण ती वाट चुकली कुठे हे कुणी विचारलं नाही, माझ्या ओट्यावर विचारलं तर मी तारीखवार सांगेन, अपूर्णांकाच्या धड्याला.

शिक्षकांचं म्हणणं मला माहीत आहे, त्यातल्या दोघी माझ्या मैत्रिणी आहेत. वर्गात पन्नास मुलं, त्यात ऑनलाइन माहिती भरा, निवडणुकीचं काम, शिष्यवृत्तीला ९० मिनिटांत ७५ प्रश्न, तिथे पोरगं चिक्की मोजत बसलं तर मागे पडेल. या सगळ्यात तथ्य आहे. पण चिक्की कळलेलं पोरगं शिष्यवृत्तीला मागे पडत नाही, ते ऑप्शन बघूनच दोन उडवतं, कारण बेरीज मोठ्या अपूर्णांकापेक्षा लहान असूच शकत नाही हे त्याला माहीत असतं. वेळ फुलीवाल्याचा जास्त जातो, २१६ खाली आल्यावर काटछाट करत बसतो. नंतर, सातवीत म्हणा, समजल्यावर फुली शिकवा, माझी काही हरकत नाही, दोन छेदांत सामाईक काही नसेल तर ती चांगलीच सोयीची आहे. क्रम उलटा झालाय एवढंच माझं दुखणं आहे.

आणि जे म्हणतात मोबाइलमधे कॅल्क्युलेटर आहे, सगळं दशांशात करा, त्यांना मी एवढंच विचारते की तीन भावंडांना ०.३३ लिहिलं तर मिळून ०.९९ होतं, उरलेला शंभरावा हिस्सा कुणाचा? वरच्या ३६ गुंठ्यांत तो एक तृतीयांश गुंठ्याहून जास्त होतो, एवढ्या जागेसाठी भाऊ भाऊ कोर्टात गेलेले आहेत. शिवाय दशांश बेरजेत आपण चिन्हाखाली चिन्ह ठेवतो ते तरी का ठेवतो, दशांशाखाली दशांश आणि शतांशाखाली शतांश यावा म्हणून, म्हणजे तिथे पण आधी नावं जुळवूनच मिळवतोय. छेद आधीच ठरलेले आहेत म्हणून दिसत नाहीत एवढंच.

पेपर काढणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पाच बेरजा देण्याऐवजी तीन द्या, आणि उरलेल्या जागेत असा प्रश्न घाला: "रमाने १/३ + १/४ = २/७ लिहिलं. बेरीज न करता हे उत्तर चूक आहे हे कसं ओळखाल?" याला फुली चालत नाही. पेपरात असे प्रश्न आले की क्लासवाले ते शिकवायला लागतील, आणि मग तरी वर्गात शिकवलं जाईल.

पालकांनी शाळेची वाट बघायची गरज नाही. आज रात्री जेवताना आपल्या पोराला विचारा, एक तृतीयांश पोळी आणि पाव पोळी मिळून अर्ध्या पोळीपेक्षा जास्त की कमी. कागद-पेन देऊ नका, मोबाइल बाजूला ठेवा, घाई करू नका आणि उत्तर स्वतः सांगू नका. पोळी ताटात आहेच, तोडून बघू द्या.